जागा हाय का?

बिबट्याला माझ्या मामांइतका भिणारा माणूस आंबेगाव-जुन्नरच्या उसात झाला नाही, आणि बिबट्याच्याच दिवसांत घराचं दार सताड उघडं टाकणाराही दुसरा झाला नाही. ऊसतोड सुरू झाली की मामा परसाकडंसुद्धा पितळी ताट बडवत जायचे. त्यांचं पोट बिघडलंय हे साऱ्या वस्तीला कळायचं. कोपऱ्यातलं पोतं हललं तरी 'प्रभू, सांभाळ' म्हणत माझा दंड असा धरायचे की बोटांचे वळ उठायचे. पण डिसेंबर लागला की हाच माणूस पुढची खोली रिकामी करायचा. कणगी, खताची पोती, मामींचं शिलाई मशीन, सगळं अंगणात. आत फक्त एक धुतलेली घोंगडी, आणि नाताळपर्यंत दार उघडं. बेथलेहेमात प्रभूच्या आईबापांना उतारशाळेत जागा मिळाली नव्हती, बाळाला गव्हाणीत ठेवावं लागलं होतं, म्हणून.

अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगचं कॉलेज निघाल्यावर एक विद्यार्थी चौकशीला आला. "काका, रूम रिकामीय?"

"न्हाई. दिलीया."

"पण आत कुणीच नाही!"

"यायचाय अजून."

"कधी येणार?"

"आमाला सांगितलं न्हाई, तुला काय सांगू?"

वस्तीत ख्रिस्ती घरं दोनच, मामांचं आणि त्याला लागून माझं. मामा मात्र नाताळाआधी साऱ्यांच्याच दारी जाऊन विचारायचे, "जागा हाय का?" आतून उत्तर यायचं, "जागा हाय की मामा, इतक्यात कोण झोपतंय!" मामा कपाळावर हात मारून घ्यायचे. "झोपंचं न्हाई पुसत, राव. आत जागा हाय का, आत!" मग छातीवर टिचकी. मला एकदा म्हणाले, "खोली काय, दोन हातांनी रिकामी व्हती. मनातली भीती न्हाई हालत. ती लई जागा खाती."

ते माझ्याबद्दल बोलत होते, हे मला नंतर कळलं.

त्या हंगामात बिबट्यानं वस्तीतली दोन वासरं नेली होती. नाताळच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला लाइट गेली. बायको माहेरी, मी एकटा, दाराला कडी. बाहेर धावती पावलं वाजली आणि दारावर थाप पडली. "भाच्या, जागा हाय का? खोलीत शिरलंय ते!"

माझा हात कडीवर होता. फटीतून मामांची धाप ऐकू येत होती. दार उघडलं तर त्यांच्यामागून तेही आत येईल, एवढंच डोक्यात होतं. थाप पुन्हा पडली, हळू. "जागा न्हाई का रं?"

मी कडी काढली नाही. हात कडीवरच.

तासाभरानं माणसं काठ्या-बॅटऱ्या घेऊन ओरडत आली, तेव्हा माझी कडी निघाली. बिबट्या घोंगडीवर केस सांडून केव्हाच निघून गेला होता. मामा सापडले माझ्याच गोठ्यात, गव्हाणीत, अंगावर कडबा ओढून. आणि गाय त्यांचं टक्कल मन लावून चाटत होती. लोक हसून लोटपोट. कुणीतरी म्हणालं, "मामा, भाच्याचं दार दोन पावलांवर, अन् गव्हाणीत वो कशाला?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "घाबारलो, राव. दाराकडं ध्यानच गेलं न्हाई."

जन्मात खोटं न बोललेला माणूस. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं.

पुढल्या डिसेंबरात खोली पुन्हा रिकामी, दार पुन्हा उघडं. बिबट्या पुन्हा शिरंल म्हणून मामी चिडल्या, तर मामा पितळी ताट उराशी धरून म्हणाले, "दार लावलं तर त्याच्याबरूबर दुसरा बी भाईर ऱ्हातो." बाकी सगळ्या दारांवर प्रश्न विचारून झाला. माझ्या दाराशी मात्र ते पुन्हा कधी थांबले नाहीत. दर वर्षी मी कडीशी उभा राहून त्यांची पावलं पुढं जाताना ऐकायचो.

मामा अंथरुणाला खिळले तो शेवटचा डिसेंबर. एका दुपारी मी सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो. त्यांचे डोळे मिटलेले. हळूच विचारलं, "मामा, जागे हाय का?"

डोळे न उघडता ते भिंतीकडे वीतभर सरकले. "जागा हाय. ये."

त्या वीतभर जागेत मी बसलो. एक शब्द फुटला नाही. तो आज इथं फुटतोय. मामांनी चाचपडत माझा दंड धरला, जुन्या सवयीनं. वळ उठण्याइतकी ताकद आता त्या बोटांत राहिली नव्हती.