खिडकीची खोली

ते पडदे शिवत. चाळीस वर्षं शिवत आले होते, त्यामुळे आसपासच्या गल्ल्यांत सगळे त्यांना ‘पडदेकाका’च म्हणत. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीला भिंतभर खिडकी आणि तिच्यापाशी कापायचं टेबल, मशीन. सकाळी ऊन आत आलं की टेबलावर पसरलेलं कापड पाण्यासारखं हलल्याचा भास होई, आणि काका कात्री हातात धरून नुसते बघत राहत. बायको होती तेव्हा म्हणायची, “पोहून झालं असेल तर कामाला लागा.”

ती गेल्यावर बरीच वर्षं ते एकटेच होते. मग एका दुपारी लेक आली, दोन बॅगा घेऊन. तेहतीस वर्षांची. लग्न मोडलं होतं, नोकरीही तिनं सोडून दिली होती.

“पंधरा दिवस राहीन, बाबा.”

काकांनी संध्याकाळपर्यंत टेबल आणि मशीन ओढत मागच्या खोलीत नेलं आणि खिडकीची खोली तिला दिली.

पंधरा दिवसांचे आठ महिने झाले. ती झोपायची. दिवस चढेपर्यंत, आणि पुन्हा दुपारी. उशाशी चहा, घडी घातलेले कपडे, झाकलेलं ताट, सगळं तिला जागच्या जागी मिळे. तिची झोप मोडू नये म्हणून काका मशीन पायानं न चालवता चाक हातानं फिरवत. एकेक टाका, एकेक टाका. मागच्या खोलीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती. तिथे भर दुपारीही तिन्हीसांजच. त्या अर्धवट उजेडात, पलीकडून येणाऱ्या तिच्या श्वासाच्या लयीत शिवता शिवता त्यांना वाटे, ही सहा वर्षांची आहे, ताप उतरलाय, आता उठेल आणि पाणी मागेल. खोटं कशाला सांगा, त्यांना ते बरंही वाटायचं.

काकांची थोरली बहीण अधूनमधून डोकावून जाई. एकदा तिनं झोपलेल्या भाचीकडे पाहिलं आणि मागच्या खोलीत येऊन हळूच म्हणाली, “अरे, तू तिला खोली दिलीस की बीळ?”

“पोळलीय गं ती, ताई.”

“पोळलीय ना. म्हणून जन्मभर फुंकर घालत बसणार? पडदे शिवतोस म्हणून लेकीवरही पडदा टाकायलाच हवा का?”

काकांनी पुन्हा मशीनचं चाक हातानं फिरवायला घेतलं.

त्यानंतर वाचनालयाचं काम आलं. आठ पडदे, गडद निळे. काकांनी ते शिवून, इस्त्री करून नेले आणि ग्रंथपालबाईंसमोर दांड्यांवर चढवले. खिडक्या उघडल्या, ऊन पडलं, आणि आठातले तीन काळे निघाले. मागच्या खोलीत निळ्या ताग्याशेजारीच काळा तागा होता.

बाई भल्या होत्या. “चष्म्याचा नंबर वाढला वाटतं, काका,” एवढंच म्हणाल्या. काका हसले, पण खुर्चीत टेकले ते बराच वेळ उठेनात. चष्मा ठणठणीत होता. समोर ते तीन काळे पडदे वाऱ्यावर सावकाश फुगत होते, बसत होते. बघता बघता त्यांच्या मनात आलं: आपण देत सुटलो ते तिला हवं होतं म्हणून, की तिनं जाऊ नये म्हणून?

ते तिन्ही काळे पडदे काढून घेऊन काका घरी आले आणि लेकीच्या दारात उभे राहिले.

“मला माझी खिडकी परत हवी.”

ती उठून बसली. “म्हणजे मी जाऊ?”

“खिडकी हवी म्हणालो. तू नकोस, असं कुठे म्हणालो?”

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस बोलली नाही. काकांच्या एकदा तर ‘राहू दे’ अगदी ओठांवर आलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि मशीन पायानं, पूर्ण वेगात चालवलं.

ती केस विस्कटलेले तशीच दारात आली. “घर हादरतंय, बाबा.”

“हादरू दे. काम अंगावर आलंय.”

“आणि हे काळे?”

“चुकलेत. कड्या आणि अस्तर काढून घ्यायचंय.”

ती खाली बसली आणि शिवण उसवायला लागली. दुपारपर्यंत तिच्याभोवती धाग्यांचा ढीग झाला. मध्येच म्हणाली, “उसवायला बरं वाटतंय.” काकांनी उरलेला पडदाही तिच्याकडे सरकवला.

संध्याकाळी तीच म्हणाली, “टेबल तिकडून धरा.”

पुढे ती उठू लागली, बाहेर पडू लागली. घरांचे नकाशे काढणं तिचं जुनंच काम. ते एका कचेरीत पुन्हा मिळालं. मग दोन गल्ल्या पलीकडे तिनं एक खोली घेतली. काकांनी खोकं भरलं: भांडी, पांघरुणं, दिवा, स्वतःची उशीसुद्धा. जिन्यात बसून तिनं त्यातलं निम्मं बाहेर काढलं.

“एवढं पुरे, बाबा. रविवारी जेवायला या. आणि येताना काही आणू नका.”

रविवारी काका निघाले खरे, पण रिकाम्या हातांचं काय करावं ते कळेना. खिशात घालून पाहिले, पाठीशी बांधून पाहिले. एका दुकानात शिरून बशांचा जोड उचलला आणि परत ठेवला. ऊन कोवळं होतं, रस्ता ओळखीचा, तरी स्वप्नात चालल्यासारखे ते तरंगत गेले.

तिनं दार उघडलं आणि आधी त्यांचे हात पाहिले. “काय आणलंत?”

“भूक,” काका म्हणाले.

ती खळखळून हसली. भात खाली जरा लागला होता. काकांनी दोनदा मागून घेतला.