साडूंचा फोर-स्ट्रोक संताप

जगाचं जे काही वाटोळं झालं ते मोटरसायकलच्या शर्यतीत टू-स्ट्रोक इंजिनं घुसली त्या दिवसापासून झालं, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस सगळ्या नवी मुंबईत मिळून एकच होता, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. दुसऱ्यांचे साडू पत्ते खेळतात, जागेच्या भावाबद्दल बोलतात, फार तर लग्नाच्या पंगतीत रुसून बसतात. आमचे साडू रुसले होते ते थेट युरोपवर. बेल्जियम, हॉलंड, इटली अशा देशांत साहेबलोक मोटरसायकली पळवतात आणि वर्षाअखेरीस त्यांच्यातला एक जगज्जेता ठरतो, ही गोष्ट वाशीतल्या आमच्या ओळखीच्या एकाही माणसाला ठाऊक नव्हती. साडूंना मात्र प्रत्येक गडी, त्याचं इंजिन, त्या इंजिनातले व्हॉल्व्ह आणि तो कुठल्या वळणावर कुठल्या गिअरमध्ये शिरतो, हे सगळं पाठ होतं. आणि यातली एकही शर्यत त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

हे वेड त्यांना लागलं गोदीत. तरुणपणी ते तिथल्या एका वर्कशॉपमध्ये फिटरचं काम शिकत होते. दुरुस्तीला आलेल्या एका बोटीवरच्या गोऱ्या इंजिनिअरने जाताना इंग्रजी मोटरसायकल मासिकांचा गठ्ठा त्यांच्या हातात ठेवला. साडूंचं शाळेतलं इंग्रजी बेताचंच. डिक्शनरी पुढ्यात घेऊन त्यांनी तो गठ्ठा चाटूनपुसून वाचला, आणि त्यांना इंग्रजी आलं ते तेवढंच. पुढे ते वाशीजवळच्या पावणे गावातल्या एका छोट्या कारखान्यात टूलरूमचे फोरमन झाले, तरी भाषा शर्यतीचीच राहिली. एकदा बुधवारी पोट बिघडलं म्हणून त्यांनी रजेची चिठ्ठी पाठवली : 'रिटायर्ड ऑन थर्ड लॅप, इंटरनल ट्रबल.' मालकाने ती वाचली, डोळे टिपले आणि राजीनामा मंजूर केला. शुक्रवारी साडू कामावर गेले तर त्यांच्या टेबलावर शाल आणि नारळ. संध्याकाळी ते तसेच माझ्या घरी आले, नारळ हातात धरून, लालबुंद. "रिटायर म्हणजे त्या शर्यतीतून हो! जन्मातून नव्हे! एवढं कळत नाही आणि कारखाना चालवतात!" नारळाची बर्फी आमच्याकडे झाली. ती खातानाही ते रागावलेलेच होते, आणि सोमवारी मालकाने तो राजीनामा रद्द केला तरी राग गेला नाही.

मासिकं पुढे त्यांना गोदीजवळच्या एका रद्दीवाल्याकडून मिळू लागली. बोटीवरून उतरून, रद्दीतून हिंडून ती साडूंच्या हाती पडेपर्यंत चार-पाच महिने उलटलेले असत. त्यामुळे आमच्या साडूंचं वर्ष बाकीच्या जगाच्या मागून चालायचं. उन्हाळी शर्यतींचे आनंद आणि सुतकं ते हिवाळ्यात पाळायचे. एका लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आम्ही सहकुटुंब फराळाला गेलो, तर साडू भिंतीकडे तोंड करून बसलेले. त्यांचा लाडका गडी एका वळणावर पडला होता आणि त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं.

"अहो, चकली तरी खा," ताई म्हणाल्या. "तो एव्हाना बरा होऊन पळायलासुद्धा लागला असेल."

"तुला काय ठाऊक?"

"जूनमध्ये पडला म्हणता ना? आता नोव्हेंबर चाललाय."

साडूंनी ताईंकडे असं पाहिलं, जणू त्या बिचाऱ्याला त्यांनीच ढकलून दिलं होतं. "पुढचा अंक येईपर्यंत," ते म्हणाले, "तो हॉस्पिटलमध्ये आहे."

त्यांच्याकडे स्वतःची एक जुनी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल होती, अर्थात फोर-स्ट्रोक. वाशीत तेव्हा माणसं थोडी आणि रस्ते भरपूर होते. सेक्टर आखलेले, रस्ते झालेले, इमारतींचा पत्ता नाही. या मोकळ्या रस्त्यांवर साडू टाकीवर छाती टेकून, हनुवटी हँडलला लावून गाडी चालवायचे. वेग ताशी तीस. मला ते आग्रहाने मागे बसवायचे आणि वळणाआधी ओरडून बजावायचे, "झुकू नका! गाडीच्या रेषेत राहा! मानसुद्धा हलवायची नाही!" एकदा आम्ही असे करावे गावाच्या बाजूला खाडीपर्यंत गेलो. मासळीची पाटी घेऊन चाललेली एक म्हातारी वाटेतच थांबली आणि साडूंकडे कळवळून बघत म्हणाली, "काय र दादा, पोटान दुखतंय काय तुज्या? पानी हाय मजकडं, पितंस का?" साडूंनी गाडी पुढे काढली. पण परतताना दोन मैलांनंतर गाडी थांबवून त्यांनी मला विचारलं, "ही पोटदुखी दिसते?" मी नाही म्हणालो. साडूपणा टिकवायचा तर माणसाला थोडं खोटं बोलावं लागतं.

पण हा झाला किरकोळ राग. खरा राग सुरू झाला पाचशे सीसीचं जगज्जेतेपद टू-स्ट्रोक गाडीने पहिल्यांदा जिंकलं तेव्हा. "फोर-स्ट्रोक म्हणजे माणूस आहे," ते मला समजावून सांगत. "श्वास घेतो, दाबून धरतो, काम करतो, सोडतो. चार गोष्टी, चार झटक्यांत. आणि टू-स्ट्रोक? नुसता धापा टाकतो! दोन घासांत जेवण उरकून हात धुणारा माणूस तुम्ही घरात घ्याल?" मग गडी वळणावर गाडीवरून अर्धे खाली लोंबकळू लागले, गुडघा रस्त्याला घासू लागले. साडूंनी तो फोटो माझ्यापुढे आपटला. "आईबापांनी गुडघे याकरता दिले?" काळ्या चामड्याच्या साध्या पोशाखांच्या जागी रंगीत पोशाख आले, त्यांच्यावर सिगारेटींच्या आणि तेलांच्या जाहिराती आल्या. "रेसर आहे की बसस्टॉप?" साडू विचारायचे. आणि विचारायचे कोणाला? मी मंत्रालयात कारकून होतो.

या सगळ्यावर कळस झाला तो बेटाच्या शर्यतीचा. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात एक बेट आहे. तिथल्या साध्या गावरस्त्यांवरून, घरांच्या आणि दगडी गडग्यांच्या, म्हणजे बुटक्या कुंपणभिंतींच्या, मधून दर जूनमध्ये शर्यत व्हायची. साडूंच्या लेखी तीच शर्यत, बाकी सगळ्या कवायती. तो रस्ता फार जिवावरचा आहे, असं बऱ्याच मोठ्या गड्यांनी म्हटलं आणि ती शर्यत जगज्जेतेपदातून वगळण्यात आली. साडूंना हे कळलं अर्थात उशिरा. दुसऱ्या दिवशी ते दंडाला काळी फीत बांधून कारखान्यात गेले. फोरमननेच फीत बांधलीय म्हटल्यावर प्रकरण गंभीर आहे हे कामगारांनी ओळखलं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाळीसच्या चाळीस दंडांना काळ्या फिती लागल्या. कशासाठी, हे कोणी विचारलं नाही. मालक घाबरला. त्याने दुपारच्या चहाबरोबर प्रत्येकी दोन बिस्किटं जाहीर केली. कामगारांनी साडूंना खांद्यावर घेतलं. "बिस्किटं मागितली होती कुणी?" साडू वरून ओरडत होते. "मला बेट पाहिजे, बेट!" खाली त्याचा अर्थ क्रीमचं बिस्किट असा लावला गेला.

अशा माणसाची मुलगी एक दिवस प्रेमात पडली. वंदना नाव, स्वभावाने बापासारखी हट्टी, पण हसऱ्या तोंडाची. न्हावा शेव्याला तेव्हा नव्या बंदराचं बांधकाम जोरात चालू होतं. तिथे सुपरवायझर असलेला दिलीप नावाचा मुलगा तिने पसंत केला होता. मुलगा चांगला, घरचे चांगले, ताईंची ना नव्हती. रविवारी सकाळी तो भेटायला यायचा होता म्हणून मलाही बोलावलं होतं. आम्ही साडूंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभे होतो, आणि लांबून तो आवाज आला. सुतारपक्षी चिडल्यासारखा, चिरका, रिंगरिंगरिंग. नव्या शंभर सीसीच्या जपानी धर्तीच्या टू-स्ट्रोक गाड्या तेव्हा नुकत्या निघाल्या होत्या. गाडी त्याच इमारतीखाली थांबली. मागे निळसर धूर रेंगाळत होता. साडू आत गेले.

दिलीप पाया पडला, बसला. पोह्यांची बशी हातात आली. साडूंनी नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, पत्रिका मागितली नाही.

"पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालता?"

"हो काका. पंपावर मिळतं ना, टूटी ऑइल."

"आणि त्याची लाज नाही वाटत?"

दिलीपने वंदनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पोह्यांकडे. "मायलेज चांगलं देते, काका," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला. संपलं! साडू उठले आणि त्यांनी बेडरूमचं दार लावून घेतलं.

पुढचे सहा महिने त्या घरात कोणी कोणाशी सरळ बोललं नाही. ताई माझ्या बायकोकडे येऊन रडायच्या, वंदनाने बापाच्या हातचा चहा सोडला, आणि मध्यस्थ म्हणून माझी रवानगी दर रविवारी वाशीला व्हायची. मीही आता चिडलो होतो. "अहो, मुलगी इंजिनाशी नाही, माणसाशी लग्न करतेय," मी एकदा आवाज चढवून म्हणालो. "माणूस इंजिनावरूनच कळतो," साडू म्हणाले. "मायलेज म्हणाला तो! मायलेज! एकदा तरी आवाजाबद्दल बोलला का?"

तोडगा दिलीपनेच काढला, आणि माझ्याशिवाय कोणाला न सांगता. बंदराच्या कामावर एक परदेशी इंजिनिअर होता, त्याच्याकडे जुन्या शर्यतींची व्हिडिओ कॅसेट होती. ती दिलीपने हातापाया पडून मागून घेतली, एका दिवसासाठी व्हीसीआर भाड्याने आणला आणि रविवारी दुपारी आम्ही दोघांनी मिळून तो तिसऱ्या मजल्यावर चढवला. "काका, टेन्शन घेऊ नका," तो दारातूनच म्हणाला. "मी जातो खाली. तुम्ही फक्त बघा."

"थांब," साडू म्हणाले. "ही मशीन लावणार कोण?"

टीव्हीवर सुरुवातीला नव्या शर्यती होत्या. साडूंनी यथेच्छ शिव्या दिल्या. मग चित्र काळंपांढरं झालं, आणि ते बेट आलं. साडू पुढे सरकून बसले. इतकी वर्षं त्यांनी या माणसांचे फक्त फोटो पाहिले होते, आणि फोटोतली माणसं हलत नाहीत. आता ती हलली. पाण्याच्या पाइपासारख्या अरुंद रस्त्यावरून एकेक गाडी मोठ्याने गर्जत येत होती आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत नाहीशी होत होती. गडी दगडी गडग्याला खांदा घासून जात होते. एका घराच्या पायरीवर बाई मुलाला कडेवर घेऊन उभी होती, आणि तिच्यापासून चार हातांवरून गाडी गेली.

"इतक्या जोरात?" साडू म्हणाले. कोणाला उद्देशून म्हणाले नाहीत.

त्यांना प्रत्येकाचा वेग तोंडपाठ होता. मैलांत आणि किलोमीटरमध्येही. पण वेग म्हणजे काय, हे त्या दुपारी त्यांना पहिल्यांदा दिसलं असावं. मग एक गाडी वळणावर घसरली. माणूस आणि गाडी वेगवेगळी झाली. माणूस गडग्याशी जाऊन पडला आणि उठला नाही. चित्र पुढे सरकलं, दुसऱ्या गाड्या येत राहिल्या.

"बंद कर," साडू म्हणाले.

दिलीपने बंद केलं. वंदना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. साडूंनी दिलीपकडे वळून विचारलं, "तू उरणच्या रस्त्याने जातोस ना? ट्रक असतात तिथे?"

"असतात, काका."

"किती स्पीडने जातोस?"

"चाळीस. पंचेचाळीस."

"चाळीस," साडू म्हणाले. "पंचेचाळीस नाही." आणि ताईंकडे पाहून एकदम ओरडले, "अगं, मुलगा कधीचा येऊन बसलाय! चहा द्यायची काही पद्धत आहे की नाही या घरात?"

लग्न वाशीतच झालं. मुहूर्त अकराचा होता आणि वऱ्हाड उशिरा आलं म्हणून साडू रागावले. जावयाच्या गाडीबद्दल ते पुढेही वाटेल ते बोलायचे, आणि मोटरसायकलच्या शर्यती पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत हे मत त्यांनी शेवटपर्यंत बदललं नाही. बेटाचा विषय मात्र त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही.

वंदना आणि दिलीप उरणला राहायला गेले. रविवारी जेवायला यायचे आणि उजेड असेतो निघायचे. त्या रस्त्यावर एव्हाना कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागू लागली होती. ते निघाले की साडू चपला घालून तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाऊन बसायचे, कारण इमारतीतला एकमेव फोन त्यांच्याकडे होता. उरणला पोचल्यावर दिलीपने नाक्यावरच्या दुकानातून फोन करायचा, असं ठरलेलं. रस्ता तासाभराचा. सत्तर मिनिटं झाली की साडू शेजाऱ्यांच्या घरात येरझाऱ्या घालत, सरकारला, ट्रकवाल्यांना आणि जावयाला शिव्या देत. फोन पन्नास मिनिटांतच आला तर त्याहून जास्त भडकत. "इतक्या लवकर? पळवली असणार! दे तिच्याकडे, दे वंदनाकडे!" शेजारी सवयीने टीव्हीचा आवाज वाढवून घेत.

मी एक-दोनदा त्यांच्याबरोबर तिथे बसलो आहे. फोन बरोबर तासाने आला, तर ते भडकत नसत. पलीकडून 'पोचलो' एवढं ऐकू आलं की मान हलवत, आणि लाइन कट झाल्यावरही रिसीव्हर तसाच कानाला धरून थोडा वेळ उभे राहत.