खेमाचा मुलगा मी शाळेत घातला

ही गोष्ट मी घरात कधी सांगितली नाही. पलटणीच्या मेळाव्यातही टाळली. लान्स नायक खेमा पावरा कसा लढला, ते मी अनेकदा सांगितलं. त्याआधी मी काय केलं, ते नाही.

खेमा शिरपूरच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. मी जळगावजवळच्या असोद्याचा, त्याचा सेक्शन कमांडर. पंजाब सीमेवरच्या आमच्या कंपनीत खानदेशचे आम्ही दोघेच. त्याच्याकडे मुलांवर हात उगारत नसत. पोर चुकलं की आजा त्याला शेजारी बसवून तेच काम पुन्हा करून दाखवी. मला हसू येई.

"मार न खाता पोरं शिकतात कशी रे?"

"तुम्ही मार खाऊन किती शिकले, भाऊ?"

"सातवी."

"मग मार थोडा कमी पडला."

सगळा सेक्शन हसला.

तरी मीच त्याच्या मागे लागलो. त्याचा आठ वर्षांचा रुमल्या आमच्या घरी राहील, असोद्याच्या शाळेत जाईल. खेमाची अट एकच होती. मुलाला मारायचं नाही. मी शब्द दिला.

सत्तरच्या जूनमध्ये रजेवर असताना मी रुमल्याला शाळेत नेलं. आमच्याकडे पोर शाळेत घालताना बाप जे म्हणतो, तेच माझ्या तोंडून सवयीने निघालं. "मास्तर, कातडं तुमचं, हाडं आमची." म्हणजे हवं तेवढं मारा, फक्त हाडं मोडू नका. मास्तर खूश झाले. रुमल्याला मराठी कळत नव्हती. तो माझं बोट धरून उभा होता.

पुढच्या वर्षी पोळ्याला घरी आलो. उजव्या बाजूने हाक मारली की पोर वळत नव्हतं. मी थोरल्या भावाला, नानांना, विचारलं.

"मास्तरनं एक ठेवून देली त्याले. त्यात काय एवढं? आता पाढे कसा म्हन्तो, ऐक."

नानांनी पाहुण्यांसमोर त्याला उभं केलं. रुमल्या पाढे म्हणत होता. नजर नानांच्या हातावर होती. सगळे म्हणाले, "शाबास." मीही म्हणालो. त्या शब्दाची मला आजही किळस येते. जळगावला डॉक्टरांना दाखवू म्हटलं, तर नाना म्हणाले, "मास्तरचं नाव जाईन." मी डॉक्टरांचा बेत सोडून दिला.

डिसेंबरात लढाई सुरू झाली. एका दुपारी खेमा एलएमजी, सेक्शनची हलकी मशीनगन, साफ करत होता. त्याने विचारलं, "रुमल्याले मारत नाहीत ना, भाऊ?"

"नाही."

तो समाधानाने मान हलवून पुन्हा कामाला लागला.

चार वाजता डावीकडून हल्ला आला. वायरलेसवर कंपनी कमांडर होते, आमच्या सेक्शनला 'टू' म्हणत. "टू, मागच्या बांधावर या. ओव्हर."

"येतोय. ओव्हर."

मागे हटायचं तर कुणीतरी फायर चालू ठेवायला हवा होता.

"खेमा, कव्हर."

"जी, साब."

आम्ही सगळे बांधावर पोचलो. एलएमजी आणखी थोडा वेळ चालली, मग थांबली. सकाळी ती जागा परत घेतली. खेमा गनवरच पडलेला होता.

लढाई संपल्यावर मी रुमल्याला पाड्यावर पोचवायला गेलो. आजाने नातवाला जवळ घेतलं, कानाजवळ चुटकी वाजवून पाहिली. एकदा डावीकडे, दोनदा उजवीकडे. मग मला भाकरी वाढली.

"खेमा शेवटी काय बोलला?"

"मुलाची चौकशी केली."

"तू काय सांगितलं?"

माफी मागायची म्हणून मी हात जोडले. तोंडातून निघालं ते एवढंच, "निघतो, बाबा. एसटी चुकेल."