दरीकडचा कठडा

“ओ पाव्हणं! तितं नका बसू! पत्रा बगा की वरचा!”

मी बसता बसता असा उडालो की एक चप्पल बाकाखालीच राहिली. वर पाहिलं. शेडचा पत्रा एका खिळ्यावर लोंबत होता, आणि तो खिळा माझ्या आजोबांपेक्षा वयानं मोठा असावा. ओरडणारे आबा छत्री टेकून उभे होते. हे रेल्वेतले निवृत्त गँगमन (रूळ सांभाळणारे), खंडाळ्याच्या या जुन्या मैदानावर एकही सामना न चुकवणारे.

मी तळेगावहून स्कूटरवर आलो होतो. माझा भाचा आसिफ तिथं कारखान्यात कामाला आहे आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉल खेळतो; आज त्याच्या संघाचा इथं सामना होता. निघताना बहीण म्हणाली होती, “दादा, त्याला धड परत आण.” मी म्हणालो, “अगं, फुटबॉल आहे, लढाई नाही.” पोचल्यावर मी भज्यांच्या गाडीवर रमलो आणि सामन्याआधी दोन्ही संघांना काय सूचना दिल्या ते ऐकायचं राहून गेलं.

बाकाखालची चप्पल ओढून घेतली आणि दगडी पायऱ्यांकडे वळलो.

“तितं फटीत घोणस हाय,” आबा म्हणाले. “शिट्टी वाजली की ती बी फुसकारती.”

मी दोन पायऱ्या एकदम उतरलो. उरला दरीकडचा कठडा, गुडघ्याएवढा. त्यावर तीन माणसं लांब लांब बसली होती आणि मधोमध ऐसपैस जागा. “ही जागा बरी!” मी म्हणालो आणि बसल्या बसल्या आबांना आमच्या तळेगावच्या संघाचे पराक्रम ऐकवायला लागलो. निम्मे तर खरेसुद्धा होते. आबा मला बराच वेळ न्याहाळत राहिले. मग म्हणाले, “बसा. पन मदीच उठू नका,” आणि पलीकडे जाऊन उभे राहिले.

पाठीमागे दरी. किती खोल? वरून आज शिंकलं तर खोपोलीत उद्या ऐकू येईल.

मध्यंतरानंतर त्या दरीतून धुकं चढलं. आधी गोलपोस्ट गेली, मग खेळाडू, मग माझे स्वतःचे गुडघे. खेळ मात्र थांबेना. धुक्यासाठी थांबायचं म्हटलं तर खंडाळ्यात पावसाळाभर चेंडूला पायच लागायचा नाही.

तेवढ्यात डावीकडचा माणूस टाळ्या पिटू लागला. “कठडा! कठडा!” उजवीकडचे दोघंही तेच ओरडू लागले. मला वाटलं, धुक्यानं यांची डोकी फिरली. मग कळलं. आवाज येतो तिथं मैदान संपतं. आवाज नाही तिथं मैदान पुढे आहे, बेधडक पळा.

आणि आवाज नव्हता तो फक्त माझ्या जागी.

धप् धप् पावलं आली. सरळ माझ्याकडे. “मी घेतो! मी घेतो!” आसिफचा आवाज! ज्या तोंडानं मी लग्नातले बँड बंद पाडलेत, ते उघडेना. पावलं दहा हातांवर. पाच हातांवर.

“पाव्हणं, वरडा की!” आबा कुठूनतरी किंचाळले.

“आसिफ, थांब!”

ही आरोळी कर्जतच्या कोंबड्यांनी ऐकली असणार. चेंडू कानाजवळून गेला. खाली पडल्याचा आवाज मी अजून ऐकलेला नाही. पाठोपाठ दोन ओले हात माझ्या खांद्यांवर आदळले. मी कठड्याला पाय रोवून त्याला मिठी मारली.

“मामू, इथं तुम्ही होतात?”

“अम्मीला सांगू नकोस.”

दोन गोलनी हरलो. त्याचं दुःख करायला सवड कोणाला होती? तळेगावपर्यंत आसिफनं मागून माझा शर्ट मुठीत धरला होता, लहानपणी धरायचा तसा. माझे कान मात्र अजून त्या धुक्यातच होते. एका माणसाचं गप्प बसणं एवढं खोल असू शकतं, हे मला दरीपेक्षा जास्त भिववत होतं.

मैदानाच्या फाटकातून निघताना मी आबांवर चिडलो होतो. “तिथं बसणाऱ्यानं ओरडायचं असतं, हे आधी सांगायचं नाही का?”

“आल्यापास्नं तुमचं तोंड चालू हुतं,” आबा म्हणाले. “बंद पडंल असं वाटलं न्हाई.”