ड्यूकच्या हनुवटीचा ठसा

प्रजेने ज्याला कधी जवळून पाहिलेच नाही, त्या राजाचा चेहरा कोणता मानावा, धडावरचा की नाण्यावरचा? प्रस्तुत लेखकाला याचे उत्तर देता आलेले नाही. रोक्काल्बाच्या टाकसाळीत ठसे कोरणाऱ्या तादेओ ब्रुसाफेर्रोला मात्र त्याविषयी तिळमात्र शंका नव्हती. एकवीस वर्षे तो ड्यूकचा चेहरा पोलादात उलटा कोरत आला होता, आणि ड्यूकच्या अंगलटीप्रमाणे हनुवटीखालच्या वळ्याही वाढवत आला होता.

१५४७च्या वसंतात चिटणीस ओत्ताव्हियानो रोमन सम्राटाचे एक जुने नाणे घेऊन टाकसाळीत आले.

"असा चेहरा हवा. सडसडीत मान, डोक्यावर पानांचा मुकुट."

"साहेब, ही मान आपल्या महाराजांची नव्हे."

"तू कोरण्यापुरतं बघ. जमत नसेल तर मिलानचा कारागीर तयार बसलाय."

"कोरतो की. पण रिवाजाप्रमाणे नवं नाणं आधी शुक्रवारच्या मासळीबाजारात जाईल, दवंडीशिवाय. बाजारानं घेतलं, तर माझी हत्यारं त्या मिलानवाल्याला द्या."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर हनुवटी मी ठरवणार."

ठसा त्याने जीव ओतून कोरला. मुद्दाम वाईट काम करून जिंकणे त्याला कमीपणाचे वाटले असते.

शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून वाम मासळी घ्यायला चिटणीस स्वतः बेनवेन्यूदा कोळिणीच्या टोपलीपुढे उभे राहिले. तादेओ दोन पावले मागे होता. तिने नाणे चावून पाहिले.

"चांदी चोख आहे. पण हा बाबा कोण?"

"कोण म्हणजे? आपले ड्यूक."

"काहीतरीच. महाराजांचे गाल असे बसले असते, तर त्यांच्या प्रकृतीसाठी गावानं देवळात मेणबत्त्या लावल्या असत्या. परक्या मुलखाचं नाणं दिसतंय. सराफाकडून मोडून आणा, मग वाम न्या."

"तू महाराजांना कधी पाहिलंस ग?"

"रोज बघते." तिने कमरेची पिशवी उघडून एक जुने नाणे त्यांच्यापुढे धरले. "हे बघा. कसे खाऊनपिऊन सुखी आहेत."

रांगेतल्या बायका हसल्या. चिटणीस रिकाम्या हाताने वळले.

"कोर तुझी हनुवटी," ते तादेओला म्हणाले. "पण वळ्या दोनच."

"तीन आहेत, साहेब."

नव्या ठशात तीनच वळ्या कोरल्या गेल्या.

ड्यूक १५५३ साली वारले. त्यांच्या मुलाच्या पहिल्या नाण्याचा ठसाही त्याच वर्षी तादेओ ब्रुसाफेर्रोने कोरला.