तिसरा आवाज

मृत्यूला स्वतःचं संगीत असतं, असं मी ऐकून आहे. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून आहे. खाली गुलाबाचं फूल होतं. माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. तरी जे घडलं ते सांगतो...

मी गोव्यातल्या साखळीचा. नोकरी सरकारी, छंद तितकाच निरुपयोगी - जुन्या इंग्लिश रॉक रेकॉर्डमध्ये मागे कुठेतरी वाजणारी, कव्हरवर नाव नसलेली वाद्यं ओळखायची. आमचा चौघांचा ग्रुप आहे. एका रेकॉर्डवरून आम्ही वर्षभर भांडलो. हरमलचा किनारा सोडून मायदेशी निघालेल्या एका गोऱ्याकडून घेतलेली, माझ्या जन्माआधीची. लांबलचक गिटारच्या मागे आधी एक ओला, फुटका ‘धप्प’. मग पितळ गरगरत जमिनीवर निजावं तसा आवाज. मग लांब, खरखरीत करकर... आणि गाणं तिथेच तोडलेलं. आमचा निकाल: टिंपनी म्हणजे विलायती नगारा, झांज आणि झांजेच्या कडेवर ओढलेला व्हायोलिनचा गज.

गेल्या वर्षी गणेश चवथीला हळर्णला मामाकडे गेलो, तेव्हा मोबाईलवर उतरवलेला तो तुकडा मामेभाऊ दामूला ऐकवला. दामू वाड्यावरच्या, म्हणजे त्यांच्या वस्तीतल्या, आरतीत घुमट वाजवतो - मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं ताणलेलं.

“दादा, पयलें हें घुमट,” तो म्हणाला. “फुटता तें.”

पटवून द्यायला त्याने अंगणात तापत ठेवलेलं घुमट उचललं. चामडं ताठ व्हावं म्हणून आरतीआधी घुमट उन्हात ठेवतात, आणि दुसऱ्याचं तापत असलेलं घुमट कोणी उचलत नाही. हे शेजारच्या शंभूचं होतं. आरतीत पुढे कोण बसणार यावरून दोघांचं बोलणं बंद.

“माज्या घुमटाक हात कोणे लायलो?” शंभू धावत आला.

“लायलो तर कितें जालें? तुज्या हातांत आसता तेन्ना तरी खंय वाजता!”

सगळे हसले. शंभूने घुमट हिसकावलं आणि दामूच्या कानशिलावर घातलं. धप्प. मडक्याचे तुकडे गालात घुसले, कान फाटून लोंबला. दामू लाकडी खांबाला टेकून खाली घसरला. त्याच्या धक्क्याने आरतीची मोठी झांज पायरीवरून सुटली आणि गरगरत, गरगरत निजली.

हा क्रम मला पाठ होता.

सगळे दामूकडे धावले. मी एकटाच उलटा वळलो - तिसरा आवाज कुठून येतो ते बघायला. अंगणाभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्यावरचा कोयता शंभू दगडावर घासत ओढून घेत होता. करकर... अगदी तीच. आधी ओळखली, मग घाबरलो. दामूचे पाय धरून त्याला खस्सकन खेचलं. त्याची मान होती तिथे, खांबात, कोयता इतका खोल रुतला की शंभूला काढता येईना. मग लोकांनी त्याला आडवा पाडून त्याचे पुढचे दात पाडले. मामी किंचाळत होती, “सोडात रे ताका! गणपती आसा घरांत!”

ग्रुपवाले योगायोग म्हणतात. मीही तेच म्हणतो. तो तुकडा मी पुन्हा ऐकलेला नाही.

दामू वाचला. डाव्या कानाने ऐकू येत नाही. शंभू जामिनावर आहे. पुढे कोण बसणार हा वाद मात्र मिटला - यंदा वाड्याने आरतीला ब्लूटूथ स्पीकर आणला. दुसऱ्या आरतीत त्याचं चार्जिंग संपतं.