पहिल्या नावाचे खण

आधीच सांगून टाकतो, दोष सगळा अप्पांचा! अप्पा म्हणजे साताऱ्यातल्या आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. तीस वर्षं एकाच खुर्चीत बसून माणसाचं काय होतं, ते अप्पांकडं बघून कळायचं.

दुष्काळ नुकताच सरलेला. कॉलेज सोडून मी माण तालुक्यातल्या दहिवडीहून आलो आणि तिथं हंगामी लागलो. लेखकांच्या कार्डांचे लाकडी खण माझ्याकडं. एका पुस्तकाला एक कार्ड, सगळी सळईत ओवलेली. सोमवारी तपासणीला साहेब येणार. ते खूश झाले तर मी कायम, नाहीतर परत दहिवडीची एसटी.

शनिवारी अप्पा माझ्या डोक्यावर उभे. "आधी आडनाव, मग नाव. किती वेळा सांगू?"

"पण का, अप्पा?"

"का म्हणजे? आडनावावरून माणूस कळतो!"

झालं! डोकंच फिरलं. हे मला सांगता? आडनावावरून काय कळतं, ते साताऱ्यातल्या घरमालकांनी मला चांगलं शिकवलं होतं. आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी, सांगितलं की भरलेली!

रविवारी वाचनालय बंद, किल्ली माझ्याकडं. सगळ्या सळया उपसल्या आणि एकूण एक कार्ड पहिल्या नावानं लावलं. आडनावं गेली उडत! क्रांती केल्यासारखा चहा प्यालो.

सोमवारी साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "विहिरींवरचं ते पुस्तक काढा बघू. कांबळ्यांचं."

कांबळे! माझंच आडनाव! मी झपाट्यानं 'क'चा खण ओढला. कमला, काशीनाथ, कृष्णाजी... सगळी पहिली नावं!

"साहेब, त्यांचं नाव काय?"

"सांगितलं की, कांबळे."

"आवं, पहिलं नाव?"

"मी काय त्यांच्या बारशाला गेलो होतो?"

अप्पा खणात डोकावले आणि पांढरेफटक पडले. "अरे, काय करून ठेवलंस हे?"

मी एकेक खण उपसतोय, घड्याळ टकटक करतंय. अर्ध्या तासानं त्यांनी घड्याळ मनगटावर बांधलं, शेरा लिहिला आणि निघून गेले.

दुपारी कार्ड सापडलं. अगदी शेवटच्या खणात. हणमंत कांबळे.

साताऱ्यात पहिल्यांदा कुणीतरी आमचं आडनाव घेऊन मानानं माणूस शोधत आला होता. आणि तो माणूस लपवला कुणी? अप्पांनी नव्हे!

नोकरी गेली. मंगळवारी सकाळच्या एसटीनं दहिवडीला परत आलो.